टँकरच्या रांगेत दोघी जावा

"थोडे दिवस तुझ्याकडे राहायला येऊ का?" एवढंच बहिणीनं पत्रात विचारलं होतं. उत्तर लिहायचो, वाचायचो आणि फाडून टाकायचो. आजही कोरं कार्ड खिशात घेऊनच टँकरच्या रांगेत उभा होतो. पुढे दोघी जावा बोलत होत्या.

"लेक येतेय ना बाळाला घेऊन?"

"नको म्हटलं तिला, ताई."

"का गं?"

"ते डेटा सेंटर आल्यापासून विहिरीनं तळ गाठलाय. बाळाला न्हाऊ कशानं घालू?"

"त्यांच्या यंत्रांना बरं रात्रंदिवस गार पाणी मिळतं."

"नशीब काढलंय यंत्रांनी."

"आपले फोटो म्हणे तिथंच असतात."

"असतील. रोज फोटो येतो, बाळ हसतं. पण फोटोतलं बाळ मांडीवर येतं का?"

"मग बोलव की. माझी एक कळशी तुझी."

"आणि तुम्ही?"

"आमच्या ह्यांना आंघोळ टाळायला निमित्तच हवं असतं. लाव फोन."

धाकटीनं फोन लावला.

"ऐक, येताना बाळाचे कपडे जास्त आण. रोज धुणं व्हायचं नाही."

मी कार्डावर लिहिलं, "पाणी कमी आहे. ये." कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकून आलो, तेव्हा रांगेतला माझा नंबर गेला होता.