राहीबाईची दाढ

सूर्यभान : तुमी बाहेर कशापायी आल्या, डॉक्टरीणबाई? निघाली का दाढ?

डॉक्टरीणबाई : नाही. मध्येच थांबवावं लागलं. भूल चढली, दातांच्या डॉक्टरांनी दाढेला चिमटा लावला आणि राहीबाईंचे ठोके सैरभैर झाले.

सूर्यभान : म्हंजी?

डॉक्टरीणबाई : दोन-चार भरभर, मग एखादा गायबच. भूल बंद करून ऑक्सिजन दिला, तेव्हा कुठं नाडी ताळ्यावर आली.

सूर्यभान : मंग ऱ्हाऊ द्या ती दाढ. कोल्हारला माघारी न्हेतो तिला.

डॉक्टरीणबाई : पू गळ्याकडं उतरलाय, सूर्यभानराव. सूज वाढली तर श्वास कोंडेल.

सूर्यभान : सुई टोचून जागेपनीच काढा की!

डॉक्टरीणबाई : जागेपणी जबडा आवळलेला, बोटसुद्धा आत जात नाही; भुलेतच तो सैल पडतो. शिवाय पू असला की सुईनं बधिर होत नाही.

सूर्यभान : आन् भूल दिली की काळीज बंद पडतंय.

डॉक्टरीणबाई : पडेलच असं नाही. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा ना त्यांना, त्यानं काळजाची झडप आकसलीय. ह्या वेळी ठोके आवरायचं औषध आधीच शिरेतून सोडते. भूलही हलकी देते.

सूर्यभान : पुन्याला न्हेलं तर?

डॉक्टरीणबाई : वाटेतच गुदमरतील.

सूर्यभान : तिला इचारलं का?

डॉक्टरीणबाई : शुद्धीवर आल्यावर विचारलं. दात आवळूनच म्हणाल्या, 'त्यांना इचारा.'

सूर्यभान : जल्मभर समदं मलाच इचारून केलं. भाजीत मीठ किती, त्येबी. निदान ह्ये तरी तिनं सांगायचं हुतं... करा, बाई. करा तुमी.

(उन्हं कलल्यावर, त्याच दाराशी.)

सूर्यभान : ह्या येळी तरी निघाली का, बाई?

डॉक्टरीणबाई : दाढ निघाली. पूही वाहून गेला.

सूर्यभान : मंग लई ब्येस झालं की!

डॉक्टरीणबाई : सगळं उरकल्यावर ठोके पुन्हा बिघडले. औषध दिलं. आळीपाळीनं छाती दाबत राहिलो, हात भरून येईपर्यंत. सूर्यभानराव... नाडी परत लागलीच नाही.

सूर्यभान : म्याच व्हय म्हनलो.

डॉक्टरीणबाई : भूल मी दिली.

(सूर्यभान आत जायला निघतो.)

डॉक्टरीणबाई : बसा जरा. गावाकडं निरोप धाडू का कुणाला?

सूर्यभान : बाई, आता तोंड उघडतं का तिचं?

डॉक्टरीणबाई : हो. उघडतं.

सूर्यभान : मंग वाईच पानी द्या. तिच्या तोंडात घालतो.