मुंग्यांच्या लगनाची पंगत

— नाई, मोना कुठं जात नाई, मागच्या खोलीत रुचितासंग खेळून राहिली, तुमी बसा रिता वहिनी. बसा ना. चिखल्याच्या खाण कॉलनीत इतकी वर्षं समोरासमोर राह्यलो, पण आमच्या क्वार्टरात आजच पाय पडला तुमचा. काय पाह्यता? घरातच घातलेला हा मुंग्यांच्या लगनाचा मांडव होय. माही माय रुचिताले गोष्ट सांगे — मुंग्यांच्या लगनात हत्ती जेवाले येते, अन् त्याले बी मुंगीएवढंच वाढतेत. पोरीनं हट्टच धरला, वाढदिवस तसाच पाह्यजे. मंग काय — रुपयाएवढ्या पुऱ्या, बोराएवढे आलूवडे, वाटाण्याएवढे गुलाबजाम, तळता तळता बोटं भाजली. पन्हं त्या अंगठ्याएवढ्या मातीच्या कपात, कुंभाराकडून मुद्दाम करून आणले. कॉलनीतली सगळी पोरं बोलावली. मोनाले तर पहिलं आवतन. काहून — विचारा ना. तुमाले मालूम आहे काहून.

मागच्या साली तुमच्या मोनाच्या वाढदिवसाले घरात परीचा महाल केला होता तुमी, अन् माही पोरगी पुठ्ठ्याचे पंख लावून आली होती. सगळ्या पोराइले काचेचे गिलास. हिले दारातच थांबवून कागदाचा कप — "त्याइच्यातली आहे, तिले बाहेरच द्या." हळूच म्हणाल्या तुमी. पण मी तिले न्याले आली होती, फाटकापाशीच उभी होती. सगळं आयकलं. अन् रुचिताले काय वाटलं, सांगू? आपल्यालेच येगळा कप भेटला, म्हणजे आपला मान मोठा. धुऊन ठेवला तिनं तो, पेन्सिली ठेवते त्याच्यात. मले रोज दिसते तो. रोज.

म्हणून आज ठरवलंच होतं. सगळ्याइले मातीचे कप, मोनाले कागदाचा. सगळे मांडवात, मोना उंबऱ्याबाहेर. रुचिताचे पप्पा खाणीत ड्युटीवर जाता जाता म्हणाले बी, मोठ्याइचा राग पोरीवर नको काढू — म्या आयकलं नाई. माह्या हातानं बसवली तिले बाहेर. रडली नाई तुमची मोना, नुसती पाहून राहिली माह्याकडं. "काकू, माही जागा इथं आहे का?" एवढंच विचारलं तिनं. मी हो म्हणाली. अन् मले बरं वाटलं वहिनी — लय बरं वाटलं, खोटं कायले बोलू.

पण रुचिता उठली ना. आपली थाळी घेतली अन् बाहेर तिच्याजवळ जाऊन बसली. मंग एकेक पोरगं उठत गेलं, सारी पंगतच उंबऱ्याबाहेर — मांडवात मी एकटी, झारा हातात घेऊन. मी रागावली तर म्हणते कशी, "मम्मी, ती एकटी बसली होती." बस. सालभर जपलेल्या रागाची माती केली पोरीनं.

पण तुमी असं नका समजू, का मी बी इसरली. पोराइचं पोराइपाशी. तुमचं माह्यापाशी तसंच आहे. मले वाटलं होतं, आज दारात याल तर काहीतरी म्हणाल — एक शब्द. बसून इतका वेळ झाला, खालीच पाहून राहिल्या तुमी.

उठल्या? मोनाले हाक नका देऊ. तिचा खेळ अर्धा आहे, तो झाला का मी सोडून देईन घरी, हात धरून. तुमी जा.