कानापुढची शीर

नाय डॉक्टर, आत नका जाऊ एवढ्यात — झोपलाय तो. इथं ओटीवर बसा. आनि परत एकदा सांगा, मला नीट लागलंच नाय. ऑपरेशन नाय होनार? म्हनजे कधीच नाय? तुम्ही एवढे मुंबईहून पाचूबंदरला आलात, मला वाटलं रिंग आली, तेच सांगायला आलात! तुम्हीच ना वॉर्डात समजावलेलं — मानेतली शीर बंद झालीय, डोक्याला रक्त पुरत नाय, म्हनून उजवा हात गळतो, जीभ अडते. तर कानापुढची शीर घ्यायची, कवटीला भोक पाडून आतल्या शिरेला जोडायची. टाके घालत बसलं तर तोवर आतलं रक्त अडवून ठेवायला लागतं — रिंगेनं झटकन होतं. बारीक रिंग, काटेवाली, परदेशातून येनारी. माझा नवरा बॅप्टिस्ट होडीवरचा तांडेल, रोज दोर-कड्या जोडनारा, त्याला लगेच पटलं. हसला पन — "आता माझ्या डोक्यात कडी घालनार काय!" तेव्हापासून तो झोपला की मी त्याच्या कानापुढं बोट ठेवते. उडते ती शीर, चांगली जोरात उडते. मग नाय कशाला म्हनता?

काय? परदेशातल्या डॉक्टरांनी शेकड्यांनी मानसं तपासली — ज्यांचं ऑपरेशन केलं ते आनि नाय केलं ते, सारखेच निघाले? सारखेच म्हनजे कसे, डॉक्टर? सारखेच वाचले, का सारखेच गेले? … नको, राहू दे, नका सांगू. आनि रिंग? जोड कितीबी चांगला बसला तरी? — बरं.

गोळ्या तर घेतोच तो. घेऊनशानबी रविवारी चर्चात मिस्साला हात गळला, आनि तेव्हापासून माझं नाव येत नाय त्याला. आमच्या पोरीचं, लुसीचं येतं, होडीचं येतं. माझ्याकडे बघतो, "आल्… आल्…" करतो, मग भिंतीकडे तोंड फिरवतो. मी म्हनते, असू दे रे, रिंग बसली की दिवसभर आल्बिना-आल्बिना करत बस. रोज हेच म्हनते. दुसरं काय म्हनू? तेवढं ऐकलं की दोन घास खातो, नायतर ताटाला हात लावत नाय.

तुमच्यावर राग नाय माझा. उपयोग नाय ठाऊक असून कापाल कसे? पत्र टाकलं असतंत तरी चाललं असतं, स्वतः आलात. पन मी त्याला काय सांगू — तेवढं सांगून जा.

झोपलाय म्हटलं ना मी? नाय झोपला. तुमचा आवाज ऐकल्यापासून धडपडतोय आत, डाव्या हातानं दाढी —

आलाच बघा. गाल कापून घेतला. बॅप्टिस्ट, बस रे, पडशील! … हॉस्पिटलची पिशवी भरून आनलीय, डॉक्टर. टॉवेल, वाटी, सगळं. विचारतोय, आत्ताच निघायचं का?

तुम्ही सांगा. माझ्याच्यानं नाय होत.

डॉक्टर, त्याच्याकडे बघा ना. खाली काय बघता?