मामाचा चेरीचा पाक

नाही, चूक मामाचीच — आमचा मामा, हे दुकान ज्याचं आहे तो — बसा ना काका, पाय त्या खोक्यावर टाका, अंगठा टम्म सुजलाय, गाऊट आहे हे कळायला डॉक्टर कशाला हवा. आणि ती पाकाची बाटली ठेवा खाली. मामा जेवायला गेलाय म्हणून बोलतोय, तो असता तर एकीच्या जागी तीन गळ्यात मारल्या असत्या. 'पूर्वापार चालत आलंय' म्हणतो — अहो, पूर्वापार माणसं चाळिशीत मरायची पण, ते नाही सांगत कोणी! केस पिकले की अक्कल पिकली असं वाटतं तुम्हा लोकांना — राग आला? येऊ द्या.

चेरीत काहीच नाही का? आहे ना, खोटं कशाला बोलू. मी फार्मसीला होतो, दोन वर्षं — हसू नका, पास होत होतो — तिथे वाचलंय. चेरी खाणाऱ्यांना गाऊटचे झटके कमी आले असे अभ्यास आहेत. लहान आहेत, पक्के नाहीत, पण आहेत. आता मामा काय करतो? किलोला किलो साखर ओततो, पाक टिकावा म्हणून. आणि साखरेनं युरिक अ‍ॅसिड वाढतं! सांगितलं त्याला, तर म्हणे, 'दोन बुकं शिकलास आणि मला शिकवतोस? आंबटढाण कोण पिणार, तुझा बाप?'

तर बापच प्यायला माझा.

झालं काय — तो भिंतीवरचा खिळा दिसतोय? तिथे फ्रेम होती. मामा म्हणाला, तुझ्या कॉलेजातलं काहीतरी लिहून दे, गिऱ्हाईकाला हल्ली शास्त्र लागतं. दिलं लिहून, चांगल्या अक्षरात. चेरी खाणाऱ्यांना झटके कमी — आणि खाली, ज्यांची गाऊटची गोळीही चालू होती त्यांना सगळ्यात कमी, म्हणून गोळी बंद करू नका. फ्रेम निघाली लहान. 'खालचं काप की,' मामा म्हणाला, 'गोळीवाल्यांची जाहिरात आपण का करायची?' आता कात्री कुणाच्या हातात होती, ते — ते सोडा. सांगितलं कुणी? त्यानं. मोठ्यांचं ऐकावं, हेच ना शिकवलंत तुम्ही?

मी परत वसतिगृहावर गेलो. बाबा मेहुण्याचं कधीच ऐकत नसत, आईला तोंडावर म्हणायचे, 'तुझा भाऊ नळाचं पाणी विकेल औषध म्हणून.' गाऊट त्यांनाही, पाच वर्षं गोळी घेत होते, चहा झाला की गोळी. मग एकदा इथे आले, फ्रेम वाचली, अक्षर ओळखलं. घरी जाऊन म्हणाले, पोरगं शिकतंय, उगाच नाही लिहिणार. झालं — गोळी बंद, सकाळ-संध्याकाळ पाक. मला कुणी कळवलं नाही — म्हणजे, आई फोनवर म्हणाली होती एकदा, 'बाबा तुझं औषध घेतात हं.' मला बरं वाटलं होतं. काय, कसली गोळी, विचारलंच नाही मी. आठ महिने. किडनी त्यांची आधीच नाजूक, त्यात खडे, मग काय राहतंय. आणि डॉक्टरांनी विचारलं, गोळी कुणी बंद केली, तर म्हणाले, 'कुणी नाही हो, मीच विसरत गेलो.' मी शेजारी उभा होतो.

तुम्ही मान का खाली घातलीत? काका — गोळी चालू आहे ना? कधीपासून बंद? दोन महिने? हे बघा, उठा. आज, आत्ता, तुमच्या डॉक्टरांकडे जा, बंद केली म्हणून सांगा, लाजू नका. मामाची वाट बघू नका. बाटली राहू द्या म्हटलं ना! निघा.

मी कॉलेज सोडलं. आठवड्यातून तीनदा बाबांना डायलिसिसला नेतो.