पांढऱ्या तुतीची तोंडी परीक्षा

वनस्पतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेला अजून अवकाश होता. बाहेरच्या बाकावर एक विद्यार्थिनी आत्याला घेऊन बसली होती; शेजारीच चहा पिणाऱ्या परीक्षकांचे कान मात्र तिकडेच होते.

"आत्या, यंदाही नापास होणार मी! पांढऱ्याला लॅटिनमध्ये कधी अल्बस, कधी अल्बा, कधी अल्बम. छळ नुसता!"

"अगं, आपणही पांढरा, पांढरी, पांढरं म्हणतोच की. नाम बदललं की शेपूट बदलायचं."

"मग पांढऱ्या तुतीचं नाव मोरस अल्बा कसं? मोरस तर अल्बससारखं पुल्लिंगी वाटतं."

"रोमनांना झाडं म्हणजे बायकाच. उन्हात उभ्या राहून सगळ्यांना पोसतात ना!"

"हे नाही विसरणार!"

परीक्षक उठले.

"मुली, तुतीचाच प्रश्न होता. आता बदलावा लागेल."

"खुशाल बदला हो," आत्या म्हणाली, "शेपटं तिला आली आता."