गुंजेची मनगटी

आधी चूक सांगतो, मंग बाकीचं. एका तान्ह्या पोरीच्या हातात विषारी मनगटी गेल्ती. ती ओवली मी, आणि बोल लागला गिरजामावशीला. मी तिच्या बाजूलाच बसलो होतो आणि गप राह्यलो. एक-दोन दिवस न्हाई, वीस वर्षं गप राह्यलो.

आता तुम्ही लिहूनच घेऊन राह्यले तर पहिल्यापासून सांगतो. आमचं गाव जाफराबादजवळचं, घरी कपाशीचं रान, तिघा भावांत मी मधला. दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा तसाच उठलो. एक्याऐंशी-ब्याऐंशीचं साल असंल. वखर धरला की माझ्या हातून सरळ रेघ निघायची न्हाई, तर वडील म्हणले, याला बसून करायचं काम बघा. शेजारी गिरजामावशी राहायची. सख्खी न्हाई, आईनं मानलेली बहीण. धनगराच्या घरची, नवरा वारलेला, पोटी लेकरू न्हाई. ती बियांचे दागिने करायची. रिठ्याच्या बिया, सीताफळाच्या बिया, चिंचोके, आणि ओवायला मेंढीच्या लोकरीचा दोरा, तोबी तिच्याच हातानं वळलेला.

काय सांगू तुम्हाला, पहिले दोन महिने तिनं मला दाभण धरू दिलं न्हाई. नुसत्या बिया निवडायच्या. पाण्यात टाकायच्या, तरंगली ती पोकळ, बुडाली ती आपली. मंग दाभण दिलं. शेगडीत लाल करायचं, बी लाकडाच्या खाचेत बसवायची, आणि दाबायचं न्हाई, फिरवायचं. मी दाबायचो, बी तडकायची, की मावशी म्हणायची, नामदेवा, बी हाय ती, सासुरवाडी न्हाई, जोर कशाला दाखवतो. आणि हसायची, पुढचे दोन दात नव्हते तिला. भोक पडलं की जळक्या बीचा एक वास यायचा, भाजल्या शेंगांसारखा पण कडू. मंग जवसाच्या तेलाचा हात. बी अशी चमकायची की तीत आपलं तोंड दिसावं. तितकं निवांत मी पुन्हा कधी बसलो न्हाई बघा.

आमच्याकडं तवा लेकराच्या पाचवीला रिठ्याच्या काळ्या बियांची मनगटी बांधायचे, दृष्ट लागू न्हाई म्हणून. ती मावशीचीच लागायची आणि आमच्या गावात पहिली गाठ तिनंच मारायची. विधवा बाई, बाकी कुठल्या शुभकार्यात तिला पुढं कोण करणार, पण पाचवीला तिला बोलावणं यायचं, पाट मिळायचा. दात येताना लेकरं तीच मनगटी चघळत बसायची.

आता गुंज. लाल बी, वर काळा ठिपका, सोनार पूर्वी सोनं तोलायचे ती. मावशी गुंजा वापरायची पण फक्त बायांच्या गळ्यातल्या पदकावर, लाखेत बसवून, साबूत. तिनं मला बजावलं होतं, गुंजेचं सालटं साबूत तोवर ती पाहुणी, भोक पडलं की वैरीण. लेकराच्या अंगावर तर बिलकुल न्हाई.

मी ऐकलं, पण मला वाटलं जुन्या बाईचा वहम हाय. माझी सोयरीक ठरली होती, बाजारात आपली काहीतरी नवी चीज असावी अशी हौस. मी गुपचूप गुंजांना भोकं पाडली आणि सहा मनगट्यांत एकेक लाल बी ओवली. काळ्यात लाल, अशी उठून दिसली की आठवडी बाजारात आसपासच्या गावांतल्या वळखीच्या बायांनी जल्दी उचलल्या. मावशी दुसरीकडं गिऱ्हाईक बघत होती.

पुढं एका बाजाराला भागीरथीआजी आल्या. माझी सोयरीक ठरली होती त्याच गावच्या. त्यांच्या नातीनं दातानं गुंज फोडली होती. उलट्या, रक्ताची हगवण, जालन्याला दवाखान्यात पोर चार दिवस मरता मरता वाचली. आजीनं मनगटी मावशीच्या पुढ्यात फेकली. मावशीनं उचलली, भोक बघितलं. तिचं भोक सरळ असायचं, माझं कलतं. तिनं एकदा माझ्याकडं पाह्यलं आणि म्हणली, माझ्याच हातची हाय, बाई. चुकले.

उरलेल्या पाच मी त्याच दिवशी सायकल काढून घरोघर जाऊन परत आणल्या. तिथंबी सांगितलं, मावशीनं मागवल्या. बघा, तिथंबी तिचंच नाव.

त्यानंतर तिला पाचवीचं बोलावणं आलं न्हाई. एकदाबी न्हाई. माझं लग्न बराबर तिथीवर लागलं. वर्षाच्या आत ती वडीगोद्रीला भाच्याकडं निघून गेली. मी मात्र धंदा वाढवला, पुढं बचत गटाच्या बायांना शिकवायला लागलो, लोकांनी शाल घातली. बाया विचारायच्या, सर, कुणापाशी शिकले? मी म्हणायचो, असंच, घरी.

मंग माझ्याच लेकीला लेकरू झालं. पाचवीला मनगटी ओवायला बसलो, पहिली गाठ कोण मारणार हे मनात आलं आणि दाभण खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं वडीगोद्रीला गेलो. मावशी ओसरीवर, डोळ्यांनी अधू झालेली. मी पाय धरले, म्हणलो मावशी, माफ कर. ती म्हणली, मी तर त्याच दिवशी केलं. न्हाईतर तुझी सोयरीक मोडली असती. पण माझं नाव ज्या दारात गेलं त्या दारात जाऊन बोल. म्हणलो, तू चल संगं, जीप करतो. न्हाई म्हणली, मी आले की तू माझ्यामागं लपशील.

गेलो. भागीरथीआजी अजून होत्या, ऐंशीच्या पुढं. ती नात माहेरपणाला आलेली, तिनंच पाणी दिलं. गावचे जावई आले म्हणून शेजारपाजारबी जमलं. पाणी खाली ठेवलं आणि उभ्यानंच बोललो. आजी, ती मनगटी गिरजामावशीची नव्हती. तिनं नको म्हणलेलं असताना गुंजेला भोक मी पाडलं, आणि तिनं माझा बोल अंगावर घेतला तवा मी बाजूला गप बसलो. तुमच्या नातीची माफी मागतो, तुमची मागतो, आणि सगळ्यांदेखत मावशीची मागतो.