धुळाप्पाचं नाव काढा

— तर त्याचं नाव काढा, एवढंच म्हणणं हाय माझं, मिनाज मॅडम. धुळाप्पाचं. बाकी तुमचं ऑनलाइन ग्रंथालय लई झ्याक. गावातल्या कुणीबी लिहावं, फोनवरनं चढवावं, मंजुरी मिळाली की सगळ्यांना दिसावं — झ्याकच की. पर मंजुरी कुणी द्यायची? तिथंच घोळ हाय. तुमी तालुक्यावरनं आला, म्हणला शहाणी माणसं निवडा. आता मंजुरी म्हणजे मान, आन मान म्हणलं की पोळ्याचा रिवाज — ज्याचा बैल येशीतनं आधी, त्याची मंजुरी आधी. पोळ्याला जेवढे मानकरी तेवढी नावं आमी दिली, तीबी वळीनं. पहिल्या मानाच्या महालिंगप्पानं मंजुरीचं बटन दाबल्याबिगर दुसरा मानकरी इंद्रजित दाबंना, आन महालिंगप्पा तर बैल इकून लेकाकडं पुण्याला गेलेला. गणपतीच्या आरत्या शिमग्याला मंजूर झाल्या — हसू नका, खरं सांगतो.

मग तुमीच दोघं ठिवले, मी आन धुळाप्पा. आपलं आपण मंजूर करायचं न्हाय, एकमेकाचं बघायचं. कुणाच्या डोक्यातनं निघालं हे? तुमच्या? असू द्या. तो माझा मेव्हणा, मॅडम. आमच्या कमलचा सख्खा भाऊ. मेव्हण्याच्या हातात दाजीची मंजुरी — उलटी गंगाच की. काय म्हणला? त्याचं शेळ्यांच्या आजाराचं पुस्तक म्या अडवलं? व्हय, अडवलं. नाकारलं न्हाय, नुसतं अडवलं. पहिल्या पानावर ह्याचाच फोटू, शेळी पार मागं. आजारी कोण हाय ते तर कळाया पाहिजे माणसाला. चहा घ्या, निवतोय.

आन माझं काय, तर कमलची येसर. धान्य, डाळ, खोबरं, मसाला भाजून कुटायचं, मग आमटीत घालायचं. सगळं गाव बोटं चाटायचं. ती गेल्यावर म्हणलं, लिहून ठिवावं, तिच्या नावानं राहील कुठंतरी. तर ह्यानं काय शेरा मारला ठाव हाय? ‘ही आक्काची येसर न्हाय.’ बस, एवढंच. अरे, नवरा कोण तिचा — तू का मी? चाळीस वर्सं खाल्ली म्या. तो तर सणावाराला यायचा. आता तुमी म्हणाल, तो ल्हानपणापासनं आईजवळ चुलीम्होरं बसायचा, खोबरं तोच कुटायचा, दोघं भाऊबहीण तिथंच शिकली — म्हणा की. पुरुषमाणसाला काय कळतंय त्यातलं?

मी? ती असताना मी कशाला चुलीकडं जातोय. ताट आलं की जेवायचं, उठायचं. इचारलं न्हाय कधी, यात काय घालतीस म्हणून. कशाला इचारायचं, ती होतीच की. लिहिलं ते वासावरनं — दगडफूल असंल, धने असतील, बाजरी का गहू… दोन्ही लिहिलं. करून बघितली का? व्हय, बघितली. रोजच करतो. न्हाय व्हत तशी. भाजताना जळती, न्हायतर कच्ची राहती, आन तोंडात घातली की कळतंय — न्हाय ही. लई आठवण येती मॅडम, खोटं कशाला बोलू. पर ते त्यानं का म्हणावं? आन तेबी समद्या गावाला दिसंल असं?

म्हणून म्हणतो, काढा त्याचं नाव. बंडप्पाला घाला, तो काय बी मंजूर करतोय, वाचीतसुदिक न्हाय. हां, हेच, इथंच दाबा —

थांबा. दाबलं का? न्हाय ना? थांबा जरा.

बंडप्पा मंजूर करंल, गाव फोनवर पसंतीचे अंगठे दाबंल, ते झालंच. पर उद्या येसर खरंच जमली, तर जमली म्हणून सांगंल कोण? मला तर खाऊनबी भरवसा न्हाय माझ्या जिभेचा. तिच्या हातची वळखणारा गावात तेवढा एकच राहिलाय की.

राहू द्या त्याचं नाव. आन हे त्याला सांगू नका. जावा आता, तुमची परतीची ढोकीची गाडी चुकली तर इथंच जेवावं लागंल, आन माझ्याकडं तीच आमटी हाय.